एका टोकनाचं टोरंटो

प्रश्न, थोडक्यात: टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. वय 73. फेब्रुवारी 1975 मध्ये यजमानांच्या मागोमाग मुंबईहून टोरंटोला आल्या. सेंट जेम्स टाउनमधल्या एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर अकरा वर्षं राहिल्या. मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला. पुढे ब्रॅम्प्टनला घर घेतलं. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, घर विकलं, आणि आता त्या मुलगा, सून आणि दोन नातींबरोबर गावाच्या उत्तर टोकाला, नव्या वस्तीत राहतात. गाडी चालवत नाहीत. त्या लिहितात, 'ते जुनं टोरंटो मला रोज आठवतं. किती सभ्य, शांत शहर होतं! आता नुसती गर्दी. तरी वाटतं, जुन्या इमारतीजवळच एक खोली भाड्याने घ्यावी आणि उरलेले दिवस तिथे काढावेत. मुलगा म्हणतो, आई, तिथे आता काहीही उरलेलं नाही, आणि तू तर तेव्हा सारखी रडायचीस. मला ते फार लागलं. मी वेडेपणा करते आहे का?'

उत्तर:

ताई,

वेडेपणाचा मुद्दा आधी निकालात काढते. ब्लूर आणि बॅथर्स्टच्या कोपऱ्यावरचं ऑनेस्ट एड्स बंद होणार हे ठरल्यावर, 2014 मध्ये त्यांनी दुकानातल्या हाताने रंगवलेल्या पाट्या विकायला काढल्या होत्या. कुठल्याशा वस्तूचा भाव रंगीत अक्षरांत लिहिलेल्या साध्या पाट्या. त्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. तेव्हा वेडं म्हणायचंच झालं तर अर्ध्या शहराला म्हणावं लागेल. 2016 च्या शेवटच्या दिवशी ते दुकान बंद झालं. तुमचा पहिला हिवाळी कोट तिथलाच, असं तुम्ही लिहिलंय. माझाही. मी आले 1983 मध्ये, आणि तो कोट इतका मोठा निघाला की आत स्वेटर घालून वर शाल गुंडाळली तरी वारा आरपार जायचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली, आणि कशाबद्दल किती लिहिलंय ते मोजलं. तुमच्या खिडकीतून सीएन टॉवर वर चढताना दिसायचा, 1976 मध्ये तो उघडला. त्यावर एक ओळ. ईटन सेंटरवर अर्धी. आणि ट्रामच्या भाड्याच्या टोकनवर जवळजवळ दीड पान! ते चार आण्याच्या नाण्याहूनही लहान, हलकं टोकन, थंडीत हातमोजा काढल्याशिवाय पर्समध्ये सापडायचं नाही ते. कार्लटन कारमध्ये, म्हणजे कार्लटन स्ट्रीटवरच्या ट्राममध्ये, चढताना पेटीत पडलं की होणारा बारीकसा आवाज. ड्रायव्हरनं फाडून दिलेली कागदाची ट्रान्सफर, म्हणजे गाडी बदलायची चिठ्ठी, ती तळहातात धरून धरून ओली व्हायची. मरून आणि क्रीम रंगाच्या त्या जुन्या गाड्या, आत ओल्या लोकरीचा वास. आणि मग हे वाक्य: 'एक टोकन टाकलं की कुणाला विचारावं लागत नसे.'

मी या वाक्याखाली रेघ मारली आहे.

आता पत्राच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. सध्याच्या घराबद्दल तुम्ही एका शब्दानंही तक्रार केलेली नाही. सून प्रेमळ आहे, खोली मोठी आहे, नाती जीव लावतात. मात्र मध्येच, जाता जाता, तुम्ही लिहून गेलात की कोथिंबीर संपली तर शनिवारची वाट बघावी लागते. मुलाला वेळ असेल तर शनिवार, नाहीतर रविवार. तुमची ती नवी वस्ती मी पाहिलेली नाही, पण तशा पुष्कळ पाहिल्या आहेत. वळणावळणाचे रस्ते, एकसारखी गॅरेजं, पहिलं दुकान हायवेसारख्या रस्त्यापलीकडे. गाडी न चालवणाऱ्या माणसाला तिथे पाय असून नसल्यासारखे.

तेव्हा, ताई, मला पडलेला प्रश्न असा: तुम्हाला 1976 हवंय की ते टोकन? 1976 कुणालाच मिळणार नाही. टोकन मिळण्यासारखं आहे, आणि त्यासाठी कदाचित टोरंटोला राहायला जायचीही गरज नाही. यावर पुढे सविस्तर लिहिते. आधी मुलाच्या त्या वाक्याकडे येऊ, कारण ते तुम्हाला लागलंय.

'तू सारखी रडायचीस.' हे तुम्ही आरोप म्हणून ऐकलंत. मी ती साक्ष म्हणून ऐकली. तुमच्या आठवणीत ती लॉन्ड्री रूम आहे, जिथे एक पोर्तुगीज बाई तुम्हाला मशीनसाठी क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, सुटी करून द्यायची. त्याच लॉन्ड्री रूममध्ये चार-पाच वर्षांचं एक पोर मशीनच्या काचेत गोल फिरणारे कपडे बघत बसलेलं असायचं, आणि मधूनच आईकडे बघायचं. त्या पोरानं काय पाहिलं, हे तुम्हाला अजून पुरतं माहीत नाही. मुंबईला फोन करणं परवडायचं नाही, एरोग्राम जायला-यायला आठवडे लागायचे, वडील गेल्याचं तुम्हाला दहाव्याच्या दिवशी कळलं असं तुम्हीच लिहिलंय. त्या वर्षांत तुम्ही रडला नसतात तरच नवल. रडणं खरं होतं आणि कार्लटन कारमधून गेरार्ड स्ट्रीटच्या आपल्या बाजारात जाण्यातली ऐटही खरी होती. आठवण जुनी होत जाते तसं रडणं आधी विरतं, ऐट टिकते. मुलाच्या बाबतीत उलटं झालं असावं: मुलं आईची ऐट विसरतात, आईचे डोळे विसरत नाहीत.

त्याला विचारा. वाद म्हणून नव्हे, खरोखर माहिती म्हणून. 'तुला काय आठवतं रे त्या घरातलं?' असं विचारा, आणि तो बोलत असताना दुरुस्त करू नका. पडदे हिरवे होते की निळे, यावर भांडायचं नाही.

एक गोष्ट जरा टोचेल, पण लिहिते. 'किती सभ्य, शांत शहर होतं.' शांत होतं, यात शंका नाही. रविवारी तर इतकं की स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू यावा. पण त्याचं कारण लोकांचा स्वभाव नव्हता. रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्यानंच बंद असायची. 1992 मध्ये ते बंधन उठलं आणि शांतताही उठली. सभ्यतेचं मात्र मला इतक्या सहज मान्य करवत नाही. तुम्ही ज्या वर्षांबद्दल लिहिताय त्याच वर्षांत रस्त्यात, बसथांब्यावर आपल्याला बघून 'पाकी' म्हणून ओरडलं जायचं. आपण कुठल्या देशाचे याच्याशी ओरडणाऱ्याला काही देणंघेणं नसे. 1976-77 च्या हिवाळ्यात टांझानियाहून आलेल्या आपल्या वंशाच्या एका माणसाला सबवे स्टेशनवर मारहाण करून रुळांवर ढकललं, त्याचे पाय मोडले. प्रकरणं इतकी वाढली की मेट्रो टोरंटोनं, म्हणजे तेव्हाच्या महानगर प्रशासनानं, वॉल्टर पिटमन यांच्याकडे चौकशी सोपवली. 1977 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच्या नावाचा अर्थच 'अजून उशीर झालेला नाही' असा होता.

हे तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे? तुमच्या यजमानांनी काही वर्षं संध्याकाळी सबवेत फलाटाच्या कडेपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभं राहायची सवय लावून घेतली होती, हे तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ते त्यांच्या शिस्तीचं उदाहरण म्हणून लिहिलंय. मला वाचताना अंगावर काटा आला.

मी हे तुमची आठवण खोडून काढायला लिहीत नाही. लिहिते, कारण पत्रात पुढे 'आताच्या गर्दीबद्दल', नव्या आलेल्या पोरांबद्दल, बेसमेंटमध्ये दाटीवाटीनं राहणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही चार वाक्यं लिहिली आहेत. अगदी तशीच वाक्यं 1975 मध्ये लिफ्टमधल्या एखाद्या म्हातारीनं तुमच्या फोडणीच्या वासाबद्दल घरी जाऊन लिहिली असतील. ती चार वाक्यं मी छापत नाही. तुम्हीच एकदा परत वाचा.

एका बाबतीत मात्र तुमची आठवण अगदी चोख आहे, आणि मुलालाही ते सांगा. तुम्ही म्हणता, भाडं दोनशे डॉलरच्या आत होतं. 1976 मध्ये ऑन्टारिओत किमान वेतन ताशी 2 डॉलर 65 सेंट होतं. म्हणजे अगदी तळाच्या पगारावरही साधारण 75 तासांत महिन्याचं भाडं सुटायचं. आज ताशी साडेसतरा डॉलर धरले तरी दोन हजार डॉलरसाठी 114 तास लागतात, आणि मध्य टोरंटोत एका बेडरूमचं धड घर दोन हजारांत मिळेल याचा मी भरवसा देणार नाही. तरुण जोडप्यानं दोन बॅगा घेऊन यावं आणि शहराच्या मधोमध राहावं, ही गोष्ट तेव्हा शक्य होती. ती हरवली आहे. त्याबद्दल हळहळणं हा म्हातारपणाचा हळवेपणा नव्हे. तुमच्या नातीही पाच-सात वर्षांत हेच म्हणणार आहेत.

म्हणून खोली घ्यायचा विचार पक्का करण्याआधी आकडे मांडा. वार्धक्य पेन्शनचे महिन्याला सातशेच्या थोडे वर (75 पूर्ण झाली की त्यात 10 टक्के वाढ मिळते, ती विसरू नका), तुमची आणि यजमानांमागची जी काही रक्कम येते ती, आणि घर विकल्याचे पैसे कुठे आहेत ते. हे शेवटचं तुम्ही पत्रात टाळलंय. मुलाच्या घरात घातले असतील तर त्याची चर्चा या प्रश्नाच्या आधी व्हायला हवी, आणि ती चर्चा तुम्ही टोरंटोला जा न जा, करायलाच हवी. अशाच परिस्थितीतल्या सगळ्या वाचकांना सांगते: आईवडिलांचं घर विकून मुलाच्या घरात पैसे घातले असतील तर एक कागद करून ठेवा. प्रेम आहे तोवरच असले कागद नीट होतात. आणि भाड्याने घर बघणार असाल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: इथे पहिल्यांदा लोक कधी राहायला आले? 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना ऑन्टारिओत वार्षिक भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. काचेचा नवा चकचकीत मनोरा पहिल्या वर्षी परवडतो, दुसऱ्या वर्षी नोटीस येते. जुनी इमारत दिसायला कळकट, पण त्या बाबतीत सुरक्षित.

तुमचा जुना मनोरा या दुसऱ्या जातीतला आहे, हे खरं. 1960 च्या दशकात तरुण, सडेफटिंग नोकरदारांसाठी बांधलेले ते सगळे मनोरे. पुढे तुमच्यासारख्यांनी भरले, मग फिलिपिनो आले, तमिळ आले. आजही विमानातून उतरलेली माणसंच तिथे राहतात. लिफ्ट आजही बंद पडत असणार. 73 व्या वर्षी चौदाव्या मजल्याचा विचार करताना मला आधी लिफ्ट आठवते, मग खिडकी.

मी काय करीन सांगू? खोली घेण्याआधी एकटीनं जाऊन येईन. एकटीनं. मुलाच्या गाडीतून गेलात तर ती सहल होईल, आणि तो दर चौकात 'बघ, हेही गेलं' म्हणत राहील.

ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या 65 वर्षांवरच्यांना तिथली बस फुकट आहे. त्यासाठी एक ओळखपत्र काढावं लागतं. ते अजून काढलं नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी ते काढा. क्वीन स्ट्रीटवरची 501 झूम बस तुम्हाला व्हॉन मेट्रोपॉलिटन सेंटरला सोडते. 2017 पासून सबवे तिथवर आली आहे. तुम्ही आलात तेव्हा ही लाइनच नव्हती. स्पडायनाचा फाटा 1978 चा, आणि तोही विल्सनपर्यंत. त्या गाडीत बसलात की न बदलता डूपॉन्टला उतरता येतं, किंवा पुढे जाऊन कॉलेजला. कॉलेजला वर येऊन कार्लटन कार घ्या. आता तिला 506 म्हणतात, गाडी लांबलचक, खालच्या पायरीची, चढायला तुमच्या जुनीपेक्षा कितीतरी सोपी. टोकनांची विक्री 2019 मध्येच थांबली. प्रेस्टो कार्ड टेकवायचं. ती गाडी तुमच्या पार्लमेंट स्ट्रीटवरून वळून गेरार्डला जाते, तशीच.

गेरार्डला नाझ थिएटर मिळणार नाही. 1972 मध्ये ग्यान नाझ यांनी जुनं ईस्टवूड थिएटर घेऊन तिथे हिंदी सिनेमे लावले, सिनेमाला येणाऱ्या गर्दीच्या भरवशावर आजूबाजूला साड्यांची, मसाल्यांची, पानाची दुकानं उघडली, आणि बाजार झाला. मग घरोघरी व्हिडिओ कॅसेट आल्या आणि थिएटर गेलं. ज्याच्यामुळे बाजार वसला ते नाहीसं झालं, आणि बाजार राहिला. आता थोडा विरळ आहे, कारण गिऱ्हाईक तुमच्यासारखंच ब्रॅम्प्टनला राहायला गेलं. हे मला फार गमतीचं वाटतं: तुम्ही ज्या गेरार्डसाठी झुरताय, ते तुमच्या मागोमाग तुमच्या दारापर्यंत आलंय. फरक इतकाच की पूर्वी तिथे एका गाडीनं जाता यायचं, आता पार्किंग लागतं.

दिवसभर फिरा. कुठे पाय दुखले, कुठे बसायला बाक नव्हता, कुठे उगाच डोळे भरले आणि कुठे चक्क कंटाळा आला, ते त्याच रात्री वहीत लिहा. असं निदान चारदा करा, त्यातलं एकदा जानेवारीत. मेमधलं टोरंटो कुणालाही फसवतं. चार फेऱ्यांनंतरही तिथेच राहावंसं वाटलं तर महिनाभरासाठी एखादी सजवलेली खोली घ्या आणि राहून बघा. मुलाला सांगा, महिन्यासाठी जातेय. तोही घाबरणार नाही, तुम्हीही परत यायला लाजणार नाही.

आणि वाटेतला एक पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही. ब्रॅम्प्टनचं जुनं गाव. क्वीन आणि मेनचा चौक, तिथलं ग्रंथालय, गेज पार्क, पलीकडे गो ट्रेनचं स्टेशन. तिथे खाली उतरलं की चालत दुकान आहे, बस आहे. नातींची शाळा पंधरा-वीस मिनिटांवर राहील. कदाचित तुम्हाला हवं आहे ते टोरंटो नसून एक फुटपाथ असेल. कदाचित नसेलही, मग मी चुकले. पण घर न बदलताही आठवड्यातले दोन दिवस तुमचे, तुमच्या बसचे, असं ठरवता येईल. सुनेला तसं सांगा. 'शनिवारी न्या' यापेक्षा 'मंगळवारी मी नाही' हे वाक्य घरात जास्त मान मिळवतं.

याच जातीची पत्रं मला इतरही येतात. पुण्याला परत गेलेले एक काका मिसिसागातल्या बर्फासाठी झुरतात. तिथे असताना त्यांनी बर्फाला दिलेल्या शिव्या मी स्वतः ऐकल्या आहेत. त्यांनाही मी हेच सुचवलं: ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त लिहिता ती वेगळी काढा, आणि तिच्यातलं काय आज, इथे मिळू शकतं ते बघा. त्यांच्या बाबतीत ते निघालं सकाळी साडेसहाला फावडं घेऊन शेजाऱ्याशी बोलणं. पुण्यात त्यांच्याशी सकाळी कुणी बोलत नव्हतं. आता ते सोसायटीच्या झाडांना पाणी घालतात आणि वॉचमनचं डोकं खातात.

फोटोंबद्दल तुम्ही विचारलंय, टाकू का ठेवू. टाकू नका! बुटाच्या खोक्यातले ते तीनशे फोटो टेबलावर काढा आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहा: कोण, कुठे, साल. पेननं नको, शाई पुढे उमटते. साल आठवत नसेल तर 'मुलाचा दात पडला त्या हिवाळ्यात' एवढंही चालेल. नातींना बसवा बरोबर. मोठीला फोनवर तुमचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा. डूपॉन्ट स्टेशनपासून चालत, 255 स्पडायना रोडला, टोरंटो शहराचं दप्तरखाना-संग्रहालय आहे. तिथे कुणीही जाऊन जुने फोटो, नकाशे बघू शकतं. तुमच्या इमारतीचे बाहेरून काढलेले फोटो तिथे निघतील. चौदाव्या मजल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याचं मखर करून बसवलेला गणपती, शेजारी चार लिटर दुधाच्या तीन पिशव्या, मागे बर्फानं पांढरी झालेली बाल्कनी (सप्टेंबरात बर्फ कुठला, म्हणजे तो फोटो माघी गणपतीचा असणार, तुम्ही भाद्रपद लिहिलंय!) हा फोटो मात्र फक्त तुमच्याकडे आहे. तिथल्या माणसांना एकदा विचारा, घ्याल का म्हणून.

पहिली फेरी बुधवारी करा. शनिवार-रविवारी सबवेचा कुठला ना कुठला तुकडा दुरुस्तीसाठी बंद असतो आणि मग बदली बसच्या रांगेत उभं राहावं लागतं. आणि आलात की दोन ओळी लिहा, कार्लटन कारमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली का ते.